तपासणी पॉलिसी विकताना करा, क्लेम आल्यावर नको

नोकरदाराला कंपनीकडून जो आरोग्याचा गट विमा मिळतो, त्यात त्याची साखर कोणी तपासत नाही. कामावर रुजू झाला की यादीत नाव चढतं, बायकोमुलांची नावं चढतात, आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांत जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातात. त्याच इमारतीत खाली झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या माणसाने स्वतःच्या पैशाने पॉलिसी घेतली, तर त्याला प्रपोजल फॉर्म, म्हणजे तब्येतीचे प्रश्न विचारणारा अर्ज, भरावा लागतो. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा अशा ठरावीक आजारांसाठी साधारण दोन वर्षं थांबावं लागतं, आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत. आणि एवढं थांबूनही, फॉर्मात लिहिलेल्या प्रत्येक ‘नाही’चा जाब विमा कंपनी त्याला पाच वर्षं विचारू शकते.

तपासायला माझा आक्षेप नाही. विमा हा सगळ्यांनी भरलेल्या पैशांतून चालतो. घर पेटल्यावर आगीचा विमा मागणाऱ्याला तो मिळू नये, हे उघड आहे. आक्षेप तपासायच्या वेळेला आहे. आज तीन-चार वर्षं हप्ते बिनबोभाट घेतले जातात आणि रुग्णालयातून बिल आलं की मग जुने केसपेपर उकरायला तपासनीस घरी येतो. माणूस विमा देण्याजोगा आहे की नाही हे कंपनीने पॉलिसी विकताना ठरवावं, क्लेम आल्यावर नव्हे. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, हे सक्तीचं करायला हवं. तोवर दुकानदार, शिकवणी घेणारे, इलेक्ट्रिशियन, टेम्पोवाले, बागायतदार, फ्रीलान्सर अशा सगळ्यांनी हप्त्याच्या आकड्याआधी फॉर्मकडे बघावं.

ही माणसं थोडीथोडकी नाहीत. नीती आयोगाच्या ऑक्टोबर २०२१ च्या अहवालानुसार देशातली किमान ३० टक्के लोकसंख्या, म्हणजे सुमारे ४० कोटी माणसं, आरोग्याच्या खर्चाबाबत कोणत्याही आर्थिक संरक्षणाविना होती: सरकारी योजनेत बसण्याइतकी गरीब नाहीत आणि नोकरीतला विमा मिळण्याइतकी संघटित नाहीत. कर्मचारी राज्य विमा योजनेतही त्यांना जागा नाही, कारण तिथे मालक आणि कामगार दोघंही लागतात, आणि इथे दोन्ही एकच माणूस आहे.

आता फॉर्म कसा भरला जातो ते बघू. एजंट दुकानात येतो तेव्हा गिऱ्हाइकं उभी असतात. मोबाइलवर फॉर्म उघडलेला असतो. “बीपी, शुगर काही नाही ना?” “बीपीची एक गोळी आहे सकाळची, पण कंट्रोलमध्ये आहे.” “मग ‘नाही’च टाकू, नाहीतर मेडिकल लागेल, हप्ताही वाढेल.” ओटीपी सांगितला की सही झाली. प्रत्यक्षात फॉर्मात एक नव्हे, चार वेगवेगळे प्रश्न असतात: यातल्या कोणत्या आजाराचं निदान झालं आहे का, उपचार घेतले आहेत का, एखादी तपासणी करायला सांगितली आहे का, नियमित औषध चालू आहे का. ‘कंट्रोलमध्ये’ असलेल्या बीपीचं उत्तर या चारपैकी किमान तीन ठिकाणी ‘हो’ असतं. फोनवरून विकलेल्या पॉलिसीत तर हे चारही प्रश्न एका दमात वाचले जातात आणि उत्तर एकदाच घेतलं जातं.

इथे नियमातली व्याख्या नीट समजून घ्यायला हवी, कारण लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरने ज्याचं निदान केलं, किंवा ज्यासाठी डॉक्टरने उपचार दिले वा सुचवले, तो ‘आधीपासूनचा आजार’. शरीरात साखर वाढलेली होती पण कोणी तपासलीच नव्हती, तर तो या व्याख्येत बसत नाही. निव्वळ ‘इतकी साखर एका दिवसात वाढत नाही’ एवढ्या तर्कावर नाकारलेला क्लेम लढवण्याजोगा असतो. उलट, शिबिरात साखर जास्त निघाली, डॉक्टरने गोळी लिहून दिली आणि ती आपण आणलीच नाही, तरी तो आजार व्याख्येत बसतो. आणि फॉर्मातला प्रश्न जर ‘कधीही’ असा असेल, तर ३६ महिन्यांपूर्वीचं ऑपरेशनसुद्धा लिहावंच लागतं. व्याख्या प्रतीक्षेसाठी आहे. माहिती देण्याचं बंधन फॉर्मातल्या प्रश्नाच्या शब्दांवर ठरतं.

दुसरी जागा रुग्णालयातली. रात्री दोन वाजता पेशंट दाखल होतो. निवासी डॉक्टर विचारतात, आधीपासून काही? पेशंट बोलायच्या स्थितीत नसतो, सोबत आलेला मेहुणा म्हणतो, “हो, बीपी आहे, चार-पाच वर्षं झाली असतील.” केसपेपरवर लिहिलं जातं: ‘के/सी/ओ एचटीएन, पाच वर्षे’, म्हणजे बीपी पाच वर्षांपासून माहीत आहे. पॉलिसीला तीन वर्षं झालेली असतात. बीपीची पहिली चिठ्ठी दीड वर्षापूर्वीची असते. पण आता कंपनीच्या हातात रुग्णालयाचा कागद आहे, आणि तो खोटा ठरवायचं ओझं पेशंटवर. म्हणून दाखल करताना इतिहास सांगणारा माणूस एकच असावा, माहितीचा असावा, आणि अंदाजे वर्षं सांगण्याऐवजी ‘पहिली गोळी अमुक महिन्यापासून’ असं सांगावं. दुसऱ्याच दिवशी केसपेपरवरची ही ओळ वाचायला मागावी. चुकली असेल तर पहिली चिठ्ठी दाखवून उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी खुलासा तेव्हाच घ्यावा. क्लेम नाकारल्यानंतर आणलेल्या अशा दुरुस्तीकडे कंपनी संशयानेच बघते, आणि रुग्णालयही ती द्यायला कां-कूं करतं.

नियामकाने २०२४ मध्ये काही चांगल्या गोष्टी केल्या, हे मान्य करायला हवं. जुन्या आजारांची कमाल प्रतीक्षा ४८ महिन्यांवरून ३६ वर आणली. ज्या मुदतीनंतर कंपनीला माहिती लपवल्याचं कारण पुढे करता येत नाही, ती आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आणली. त्यानंतर फक्त सिद्ध झालेली फसवणूक हा अपवाद. कॅशलेसची, म्हणजे कंपनीने रुग्णालयाला परस्पर पैसे देण्याची, मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायचं बंधन घातलं. क्लेम नाकारायचा तर तो कंपनीच्या समितीपुढे न्यायला सांगितला. पण या सगळ्यानंतरही मूळ उलटा क्रम तसाच आहे: आधी विक्री, मग तपास.

याच देशात विम्याच्या दुसऱ्या शाखेत कायदा जास्त कडक आहे. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ नुसार आयुर्विम्याच्या पॉलिसीला तीन वर्षं झाली की कोणत्याही कारणावरून, अगदी फसवणुकीच्या कारणावरूनही, तिला आव्हान देता येत नाही. आयुर्विमा कंपन्या त्यामुळे बुडाल्या नाहीत. त्यांनी काय केलं? मोठ्या रकमेच्या पॉलिसीआधी रक्त तपासलं, ईसीजी काढला. तीन वर्षांत जे शोधायचं ते शोधा नाहीतर गप्प बसा, असं सांगितलं की कंपनी विकतानाच शोधते. आरोग्य विम्यालाही तीन वर्षांची मुदत लावायला काय हरकत आहे?

हरकत घेणारे दोन मुद्दे मांडतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला खर्चाचा: प्रत्येकाची साखर, मूत्रपिंड, चरबी आणि हृदयाची तपासणी (एचबीए१सी, क्रिएटिनिन, लिपिड, ईसीजी) करायची म्हटलं तर हप्ता वाढेल. वाढेल, थोडा. पण आजचा हप्ता स्वस्त दिसतो, कारण त्यातला काही भाग नाकारलेल्या क्लेममधून निघतो. म्हणजे तो खर्च शेवटी आजारी पडलेलाच भरतो, आणि तो एकरकमी. दुसरा मुद्दा असा की तपासणीत नापास होणाऱ्यांना पॉलिसीच मिळणार नाही. हे खरं आहे, आणि त्रासदायकही आहे. पण ४५ व्या वर्षी तोंडावर ‘नाही’ ऐकलेल्या माणसाला पैसे बाजूला टाकायला, सरकारी योजनेचं कार्ड काढायला, दुसऱ्या कंपनीत जास्त हप्त्याने प्रयत्न करायला वेळ असतो. आयसीयूबाहेर ‘नाही’ ऐकणाऱ्याला फक्त सोनं गहाण टाकायला वेळ असतो.

न्यायालयांचं म्हणणंही या क्रमाकडेच बोट दाखवतं. २००९ मध्ये मेडिक्लेमच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: फॉर्मात विचारलेली गोष्ट महत्त्वाचीच धरली जाईल, आणि मधुमेहासारखा आजार लपवला तर क्लेम नाकारणं योग्य. डिसेंबर २०२१ मध्ये परदेश प्रवासाच्या विम्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की ग्राहकाने आजार सांगितला, कंपनीने त्याची प्रकृती जोखून पॉलिसी दिली, मग त्याच आजाराकडे बोट दाखवून क्लेम नाकारता येणार नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले की ग्राहकाने करायची गोष्ट स्वच्छ दिसते: सांगून टाका, आणि कंपनीला जोखू द्या.

त्यासाठी पॉलिसी आल्यावरचे पहिले ३० दिवस सोन्याचे आहेत. या काळात पॉलिसी परत करता येते, आणि पॉलिसीसोबत प्रपोजल फॉर्मची प्रत येते. ती बहुतेक जण उघडतही नाहीत. बसून प्रत्येक उत्तर वाचा. एजंटने ‘नाही’ टाकलेलं जिथे ‘हो’ हवं तिथे त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवर लिहा: निदानाची तारीख, औषधाचं नाव, डोस, शेवटचा रिपोर्ट. पोच जपून ठेवा. कंपनी हप्ता वाढवेल, त्या आजाराला प्रतीक्षा लावेल, क्वचित पॉलिसी परत घेईल. तिन्ही गोष्टी आज परवडतात. पॉलिसी दोन वर्षं जुनी आहे आणि चूक आत्ता लक्षात आली, तरी माझं मत हेच की लेखी कळवावं; धोका आहे, पण तो आजच घ्यावा. पॉलिसीसोबत मिळणारं दोन-तीन पानी ग्राहक माहितीपत्रक मराठीत मागता येतं, ते मागावं. फॉर्मही मराठीतूनच भरून घेतला जावा, असा आग्रह संघटनांनी धरायला हवा.

“पण आता महात्मा फुले योजना सगळ्यांना आहे, मग पॉलिसी कशाला?” हा प्रश्न हल्ली फार ऐकू येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी पाच लाखांपर्यंत खुली झाली. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान भारतचं कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे. हे सगळं घ्यावंच. कार्ड आजारी पडायच्या आधी काढावं, आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल आहे ते बघून ठेवावं. पण फुले योजना यादीतल्या उपचारांसाठी, ठरलेल्या पॅकेजच्या दरात, अंगीकृत म्हणजे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातच चालते. रात्री अपघात होऊन जे जवळ असेल त्या रुग्णालयात नेलं आणि ते अंगीकृत नसलं, तर बिल आपलं. योजना हा पाया आहे, आणि जुन्या आजारामुळे ज्यांना खासगी पॉलिसी मिळतच नाही त्यांचा तो मुख्य आधार आहे. ज्याला पॉलिसी मिळू शकते त्याने तेवढ्यावर थांबू नये.

पॉलिसी निवडताना लोक विम्याची रक्कम आणि हप्ता बघतात, आणि खोलीभाड्याची मर्यादा नजरेआड होते. पैसे खरे तिथे जातात. पाच लाखांची पॉलिसी, खोलीभाडं रोज विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये. रुग्णालयात ८,००० ची खोली घेतली, पाच दिवस. बिल तीन लाख: खोली ४०,०००, सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून १,६०,०००, औषधं, इम्प्लांट, तपासण्या १,००,०००. घरचे हिशेब करतात की रोजचे जास्तीचे ३,००० गुणिले पाच, १५,००० आपले. पण कंपनी खोलीचे २५,००० देते, आणि सर्जनपासून नर्सिंगपर्यंतची रक्कम पाचास आठ या प्रमाणात कापते: १,६०,००० चे १,००,०००. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही, ते पूर्ण मिळतात. एकूण मिळाले २,२५,०००. खिशातून ७५,०००. एका खोलीच्या फरकाने. म्हणून माझ्या मते खोलीभाड्याची मर्यादा असलेल्या दहा लाखांपेक्षा मर्यादा नसलेली पाच लाखांची पॉलिसी बरी, आणि तिच्यावर पाच लाखांच्या वजावटीची सुपर टॉप-अप, म्हणजे पहिले पाच लाख सोडून पुढचा खर्च देणारी जोड पॉलिसी.

ती सुपर टॉप-अपच हवी, साधी टॉप-अप नको. वर्षात चार-चार लाखांची दोन बिलं आली तर साधी टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजते. एकही पाच लाखांच्या वर नाही म्हणून दमडी देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरते: आठ लाखांतले पाच मूळ पॉलिसीने दिले, उरलेले तीन ती देते. नोकरीत तीन लाखांचं कव्हर असलेल्यांनाही हाच मार्ग आहे, मात्र वजावट त्यांनी तीन लाखांची घ्यावी. आणि हिलाही स्वतंत्र फॉर्म आणि स्वतंत्र प्रतीक्षा असते. मूळ पॉलिसीत आजार सांगितला म्हणून इथे सांगितला असं होत नाही.

तुलनेसाठी पट्टी हवी असेल तर आरोग्य संजीवनी घ्या. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांकडे एकाच मजकुराची ही पॉलिसी आहे: प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के आपले, खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के पण कमाल रोज ५,०००, आयसीयू कमाल १०,०००. शहरात ही अपुरी पडते, तालुक्याच्या गावी पुष्कळदा पुरते. दुसरी पॉलिसी हिच्यापेक्षा कुठे बरी आणि कुठे वाईट, एवढं ताडून पाहिलं की एजंटच्या रंगीत पत्रकाची गरज राहत नाही.

बँका आणि पतसंस्था खातेदारांना गट पॉलिसी विकतात. जुने आजार लवकर धरले जात असतील तर ती मोहात पाडते. पण ती संस्थेने चालू ठेवली तरच चालू राहते, आणि कंपनी बदलली की अटी बदलतात. वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, गट पॉलिसीवरचा राहिला. गट पॉलिसी जोडीला ठीक, एकटी नको.

नूतनीकरणाचा महिना स्वतःच्या धंद्यात पैसा हातात येतो त्या महिन्याच्या आसपास बसवावा: आंबेवाल्याने जून, केटररने लग्नसराई संपताना. चुकलेल्या हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, पण वार्षिक हप्ता थकला तर मधल्या काळातल्या आजाराचे पैसे मिळत नाहीत. सवलतही चुकली की साठलेली प्रतीक्षा आणि ती पाच वर्षांची मुदत, दोन्ही पुन्हा पहिल्यापासून.

क्लेम नाकारला गेला तर फोनवर वाद घालू नये. नकाराचं पत्र पॉलिसीच्या नेमक्या कलमासह मागावं. ते द्यायला कंपनी बांधील आहे. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम संपला असं नाही, पैसे भरून नंतर मागता येतात. त्यासाठी तपशीलवार बिल, पावत्या, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट आणि स्टेंट-इम्प्लांटची स्टिकरं जपावीत. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, सोबत पहिल्या चिठ्ठीची प्रत. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा आदेश ते देऊ शकतात आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो.

नियामकाकडे मागायचं ते मोजकं आहे. आव्हानाची मुदत तीन वर्षं करा. न सांगितलेल्या आजाराचा आणि आत्ताच्या उपचाराचा संबंध नसेल, तर क्लेम नाकारू देऊ नका. बीपी लिहिलं नव्हतं म्हणून अपघातात मोडलेल्या मांडीचे पैसे अडवणं अन्याय आहे. आणि एजंटला या हिशेबात आणा. नियमांनुसार ग्राहकाची जोखीम ठरवायला लागणारी प्रत्येक गोष्ट कंपनीला कळवणं हे त्याचं कर्तव्य आहे. दुकानात गोळीचं ऐकून ‘नाही’ टाकणाऱ्याला जे माहीत होतं ते कंपनीला माहीत होतं असंच धरलं पाहिजे. त्याचं नाव आणि कोड प्रत्येक फॉर्मवर असतो. माहिती लपवल्याचा आरोप ठेवून क्लेम नाकारायचा असेल, तर तपासनीस पेशंटच्या घरी जाण्याआधी त्या एजंटचा लेखी जबाब फाइलला लागलेला असावा.